वापरकर्त्याने नोंद रद्द केली

“मी एकही नोंद रद्द केलेली नाही,” वाघमोडे सिस्टर म्हणाल्या आणि पिशवीतून काढलेली नोटीस त्यांनी माझ्या टेबलावर आपटली. कागदाचा आवाज तो किती येणार. पण ऑफिसातले आम्ही तिघंही उठून उभे राहिलो.

“बसा ना सिस्टर. पाणी घ्या,” मी म्हटलं.

“बसायला नाही आले. हे कुणी लिहिलंय तेवढं सांगा. त्याला बघून जाते.”

जिल्ह्याच्या पार पूर्वेकडच्या लवणवाडीहून दोन एसट्या बदलून त्या सांगलीला आल्या होत्या. तिथल्या आरोग्य केंद्रात लहान मुलांच्या लसींचा फ्रीज असतो. त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ बघून टॅबवर नोंदवायचं काम त्यांच्याकडे. टॅबवरचा तो प्रोग्राम आमचा. नऊ वर्षांपूर्वी आमची कंपनी म्हणजे एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मालक निशिकांत सर, मी आणि तबस्सुम मुल्ला.

नोटिशीत अकरा तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर तेच वाक्य : ‘वापरकर्त्याने नोंद रद्द केली.’ फेब्रुवारीत तिथला फ्रीज बंद पडलेला सापडला. दोनशे साठ डोस नष्ट करावे लागले. जिल्ह्याच्या ऑफिसने मागचा अहवाल काढून बघितला तर हे वाक्य अकरा वेळा. तापमान वाढत चाललेलं सिस्टरांना दिसत होतं आणि त्या नोंद भरून पुन्हा पुसत होत्या, असा सरळ अर्थ साहेब लोकांनी लावला होता.

“सिस्टर, प्रोग्राम काही मनाचं लिहीत नाही,” सर म्हणाले. “जे घडतं तेच उमटतं.”

“म्हणजे मी खोटं बोलते.”

“तसं नाही म्हटलं मी.”

“तसंच म्हटलं तुम्ही. आमच्या साहेबांनी पण अगदी हेच म्हटलं. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल, म्हणे. त्याला काय बदली पाहिजे का प्रमोशन?”

तबस्सुमला हसू फुटलं. तिने लगेच तोंडावर हात धरला, पण सिस्टरांच्याही ओठाचा कोपरा हलला आणि त्या खुर्चीवर टेकल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांचा आवाज खाली आला.

“गुरुवारी चौकशी आहे. सस्पेंड करतील, करू देत. पण गावात काय उठलंय माहितीय? सिस्टरनं पोरांना नासकी लस टोचली. काल लसीकरणाचा दिवस होता. चौदा पोरं यायची होती, तीन आली. एकोणीस वर्षं मी त्या गावात आहे. त्यातल्या दोघा-तिघांच्या आयांना मीच टोचलंय लहानपणी.”

“मी बघते,” मी म्हटलं. “गुरुवारच्या आत.”

“काय म्हणाल्या? जरा मोठ्यानं बोला की.”

“मी बघते.”

“मोठ्यानं म्हटलं तरी एवढंच होय?” त्यांनी तबस्सुमला विचारलं.

“हे मोठ्यानंच आहे त्यांचं,” तबस्सुम म्हणाली. “आम्ही सवयीनं ऐकतो.”

तीनच्या एसटीने सिस्टर गेल्या आणि मी प्रोग्राम उघडून बसले.

प्रोग्राम म्हणजे शेकडो लहान तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्यावं लागतं. नाव असं हवं की पुढच्या माणसाने आत काय आहे ते न उघडता नावावर विसंबून तो वापरावा. फडताळातल्या डब्यावर ‘जिरे’ लिहिलं असलं की आपण हुंगून बघत नाही, तसं. मला हवा होता तो तुकडा लगेच सापडला. त्याचं नाव ‘कॅन्सल बाय युजर’. काम नावासारखंच : सिस्टरांनी ‘रद्द’चं बटण दाबलं की नोंद पुसायची आणि अहवालात ते वाक्य लिहायचं. ह्यात वावगं काही नव्हतं. मग हा तुकडा कुठून कुठून बोलावला जातो ते शोधलं. एक जागा निघाली रद्दच्या बटणापाशी. दुसरी निघाली वेळ मोजणाऱ्या घड्याळापाशी.

“तबस्सुम, इकडे ये जरा.”

“काय ताई, सापडलं?”

“रेंज नसली की नोंद पाठवता येत नाही. स्क्रीन उघडल्यापासून पाच मिनिटं वाट बघून प्रोग्राम ती सोडून देतो. बरोबर?”

“बरोबर.”

“सोडून देताना अहवालात काय लिहितो?”

ती वाकून वाचायला लागली. मग शेजारच्या खुर्चीच्या कडेवर हळूच बसली.

“या अल्ला. रेंज गेली की बाईच्या नावावर टाकतो.”

“आणि बाईला काय सांगतो?”

“काहीच नाही. पुन्हा पहिलं पान येतं. तिला वाटणार, गेली नोंद.”

मी अकराही नोंदींच्या वेळा काढल्या. स्क्रीन कधी उघडला आणि नोंद कधी रद्द झाली, हे शेजारीशेजारी मांडलं. आठ वाजून दोन मिनिटं दहा सेकंद, आठ वाजून सात मिनिटं दहा सेकंद. पुढची ओळ, पाच मिनिटं. त्याच्या पुढची, पाच मिनिटं. एका सेकंदाचाही फरक नाही. माणसाचा हात इतका नेमका नसतो. मी रोज पहाटे अठ्ठेचाळीस मिनिटं सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसते. इतक्या वर्षांत घड्याळ न बघता एकदाही बरोबर त्या क्षणाला उठलेली नाही.

दहा नोंदी अशा निघाल्या. सतरा जानेवारीची सकाळची मात्र एक्केचाळीस सेकंदांत रद्द झाली होती. तिथे घड्याळ पोचलेलं नव्हतं. तिथे हात होता.

सर मागे येऊन उभे राहिले. “काय निघालं?”

मी त्यांना दाखवलं. वरच्या दोन-तीन ओळी वाचून ते म्हणाले, “म्हणजे बाई सुटली. अकराच्या अकरा आपल्याच.”

“दहा, सर.”

“आणि अकरावी?”

“ती सिस्टरांना विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही.”

“म्हणजे काय?”

“सर, आज ताईंचा नियम आहे,” तबस्सुमने परस्पर सांगितलं. “समोर नाही त्या माणसाबद्दल बोलायचं नाही. सकाळपासून माझी सगळी करमणूक बंद आहे.”

त्या वर्षी मी सकाळी आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, दर्शन घेताना दिवसापुरता एकेक लहान नियम घेत असे. कधी गोड नाही, कधी चप्पल नाही, कधी हा असा. तबस्सुम रोज आल्या आल्या विचारायची, “आज काय बंद, चहा की आम्ही?”

“पद्मजा, ऐक,” सर खुर्ची ओढून बसले. “त्या बाईचं भलंच करायचंय ना आपल्याला? मग अकरा म्हणायला काय हरकत आहे? कुणाचं वाईट होतंय त्यात?”

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी ते होकारासारखं धरलं आणि पुढचा प्रश्न काढला. “हे लिहिलं कुणी?”

आमच्या कामात ह्याचं उत्तर मिनिटात मिळतं. एकाच प्रोग्रामवर अनेक जण काम करतात म्हणून प्रत्येक ओळीचा इतिहास ठेवलेला असतो : कोणी लिहिली, कधी लिहिली. सरांनी स्वतःच तो उघडला. घड्याळाजवळच्या ओळीपुढे नाव होतं तबस्सुम मुल्ला, चौदा डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजून दहा.

सरांचा चेहरा सैल झाला. “डिसेंबर. म्हणजे लागून तीन महिने झाले होते हिला. साहेबांना तसंच सांगू, नवी मुलगी होती, शिकत होती. असं म्हटल्यावर कोणी फार ताणत नाही.”

तबस्सुम नख चावत उभी होती. “माझं नाव आहे म्हणजे मीच लिहिलं असणार, सर. मला आठवत नाही. पण नाव आहे ना.”

मला आठवत होतं.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. त्यानंतर मी जेवत नाही, लहानपणापासून नाही. माधवनगरला घरी पोचायला स्कूटीने वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी मी पर्स खांद्याला लावून, स्कार्फ अर्धा गुंडाळून तबस्सुमच्या टेबलाशी उभी होते आणि ती विचारत होती, “ताई, वेळ संपली तर त्याचं वेगळं लिहू का? नाव काय देऊ त्याला?”

“वेगळं कशाला? रद्द करायचा तुकडा आहे की तयार. तोच बोलाव.”

“पण त्यात युजरने केलं असं येतंय.”

“असू दे गं. रद्द ते रद्द.”

तिने लिहिलं. आमच्यात एक पक्की रीत होती : एकीने लिहिलेलं दुसरीने वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी पर्स न काढताच तिच्या खांद्यावरून हात घालून ‘वाचलं, ठीक आहे’ असं दाबलं. लिहिणारी मीच आणि वाचणारीही मीच. मध्ये फक्त तबस्सुमची बोटं होती. घरी गेले. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी. सूर्य मावळायच्या आत ताट धुऊन झालं होतं आणि नियम मोडला नाही याचं समाधानही वाटलं होतं. ते समाधान मला चांगलंच आठवत होतं.

“सर, हे माझं आहे,” मी म्हटलं. “हिने वेगळं लिहू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं.”

“असं कुठे नोंदलंय?”

“कुठेच नाही.”

“मग?” सरांनी आवाज खाली आणला. माझ्याशी बोलताना सगळेच आणतात. “पुढच्या महिन्यात आपण दुसऱ्या जिल्ह्यात जातोय. तुझ्या भरवशावर जातोय. शिकाऊ पोरीने केलं तर ती एक चूक. तू केलं म्हटलंस तर सगळा प्रोग्राम संशयात येतो.”

“यायला पाहिजे, सर. अजून कुठे कुठे मी घाई केलीय ते मलाही बघायचंय.”

ते उठून आत गेले. तबस्सुम माझ्याजवळ सरकली.

“राहू द्या ना ताई. मी चोवीसची आहे. माझं धुऊन निघेल.”

“तुझं असतं तर निघालं असतं. माझा डाग तुझ्या ओढणीवर कशाला?”

“तुमचा आवाज बारीक आहे,” ती म्हणाली, “पण हट्ट केवढा!”

लवणवाडीचा फोन दोन दिवस लागला नाही. गुरुवारी सकाळी जिल्ह्याच्या ऑफिसबाहेर सरांनी मला आपलं पत्र वाचायला दिलं : ‘तांत्रिक कारणास्तव सर्व अकरा नोंदी आपोआप रद्द झाल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

“ह्यात कोण आहे, सर?”

“कोण म्हणजे?”

“वाक्यात माणूसच नाही.”

“म्हणूनच तर ते चांगलं वाक्य आहे,” सर म्हणाले आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

आतल्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सांगितलं, “सिस्टर, दहा नोंदी प्रोग्रामने रद्द केल्यात. माझ्याकडे पुरावा आहे. ते वाक्यही मीच लिहायला लावलं होतं.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. ‘त्याला बघून जाते’ म्हणाल्या होत्या, तो माणूस मी होते. रागवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पदराने डोळे पुसले. “दहा? आणि एक?”

“सतरा जानेवारी, सकाळ. एक्केचाळीस सेकंद.”

त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. 

“बाळंतीण आली होती,” शेवटी म्हणाल्या. “वडापच्या जीपमध्येच पोराचं डोकं दिसायला लागलेलं. माझ्या हातात टॅब. दाबलं रद्द आणि पळाले. नंतर राहूनच गेली ती नोंद.”

“मग हेच सांगा ना.”

“आता? एकही नाही म्हणून लिहून दिलंय मी. नोटीस बघून घाबरले आणि दिलं लिहून. आता एक निघाली की म्हणतील, बघा, दहाही हिच्याच. मॅडम, तुम्ही अकरा म्हणा. तुमचं काय जातंय?”

“मी दहा म्हणणार.”

“आणि साहेबांनी अकरावी विचारली तर?”

“तर मी तुमच्याकडे बघणार. माझ्या तोंडून ती निघायची नाही.”

“बघितलं म्हणजे सांगितलंच की!” त्या उसळल्या. “मदतीला आलाय का बुडवायला?” त्यांनी पिशवी उचलून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली आणि बाकाच्या पार टोकाला सरकल्या.

इतक्यात आतून पुकारा झाला.

चौकशी अधिकारी डॉ. खंडागळे टेबलामागे होते आणि बाजूला एक क्लार्क कॉम्प्युटरवर सगळं उतरवून घेत होता. सरांनी पत्र दिलं. साहेबांनी ते वाचलं, मान हलवली आणि क्लार्कला सांगायला सुरुवात केली, “घ्या. तांत्रिक कारणास्तव सर्व अकरा नोंदी...”

“साहेब, असं नका लिहू.”

क्लार्कची बोटं थांबली. साहेबांनी कानामागे हात धरला. “मोठ्याने बोला, बाई.”

मी उठून वेळांची दोन पानं आणि ओळींच्या इतिहासाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. काय कुठून बोलावलं जातं, रेंज गेली की काय होतं, ते सांगितलं. ते बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. “पाच मिनिटं. पाच मिनिटं. हीपण पाच.” पहिलं पान संपल्यावर त्यांनी चष्मा काढला. “अस्सं. मग लिहा, नोंदी प्रणालीकडून रद्द झाल्या.”

“प्रणालीला तसं करायला सांगणारी मी आहे, साहेब. माझं नाव घाला.”

सर खोकले. साहेबांनी इतिहासाचा कागद उचलून बघितला. “इथे तर तबस्सुम मुल्ला दिसतंय.”

“बोटं तिची. तिने वेगळं लिहू का म्हणून विचारलं होतं. मला घरी जायची घाई होती, मी नको म्हटलं. मग तपासून ‘ठीक आहे’ म्हणणारीही मीच.”

“हे तुम्ही कागदावर देताय. पुढच्या कामांत कोणीही हा कागद तुमच्यापुढे ठेवील.”

“ठेवू देत, साहेब.”

त्यांनी सरांकडे बघितलं. सर टेबलाच्या कडेकडे बघत होते.

“पूर्ण नाव सांगा.”

“पद्मजा भूपाल मगदूम.”

क्लार्कने टाइप केलं आणि वाचून दाखवलं : “पद्मजा भूपाल मगदूम यांच्या चुकीमुळे खालील नोंदी प्रोग्रामने रद्द केल्या. त्यात सिस्टर वाघमोडे यांचा हात नव्हता. किती नोंदी लिहू?”

“दहा,” मी म्हटलं.

“नोटिशीत अकरा आहेत,” साहेब म्हणाले. सतरा जानेवारी असलेलं दुसरं पान त्यांनी उलटलं नव्हतं.

“अकरा, अकरा,” सर पुटपुटले.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. क्लार्कच्या स्क्रीनवर माझं नाव दिसत होतं, त्याच्याकडे बघत होत्या. पिशवी त्यांच्या मांडीवर होती. ती त्यांनी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या.

“मंदाकिनी रामा वाघमोडे,” त्यांनी क्लार्कला सांगितलं. “घ्या लिहून. सतरा जानेवारी, सकाळ. ही मी रद्द केली.”

क्लार्कने साहेबांकडे बघितलं.

“एकही नाही असं मी लेखी दिलं होतं, ते घाबरून दिलं होतं. बाळंतिणींचं रजिस्टर मागवा, साहेब. आठ वाजून नऊ मिनिटं. मुलगा. तीन किलो शंभर.”

“हे कसं घेऊ, साहेब?” क्लार्कने विचारलं. “कार्यबाहुल्यामुळे नोंद करणे शक्य झाले नाही, असं घेऊ?”

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि एकदा माझ्याकडे, एकदा सिस्टरांकडे बघितलं.

“नको,” ते म्हणाले. “त्या सांगतायत तसंच घ्या. तीन किलो शंभरसकट.”